आईच्या दगडावर गिरवलेली अक्षरं

आपण सगळ्या पाटीवर श्री गिरवून शिकलो. कुणी तांदळाच्या ताटात, कुणी अंगणातल्या धुळीत. लंडनच्या एका लहान मुलीने मात्र पहिली अक्षरं गिरवली ती एका थडग्याच्या दगडावर. तिचे वडील बोट धरून तिला चर्चच्या आवारात न्यायचे आणि कोरलेल्या अक्षरांवरून तिचं बोट फिरवायचे, असं सांगतात. एम, ए, आर, वाय... मेरी. तिचंही नाव मेरी, आणि त्या दगडाखाली निजलेल्या तिच्या आईचंही मेरी.

ही मुलगी म्हणजे पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेली. बी.ए.ला असताना तिच्याबद्दल चार ओळींची टीप पाठ केली होती मी. परीक्षा झाली, टीप विसरले. पण मैत्रिणींनो, आज मला सांगायचंय ते तिच्या आईबद्दल. मेरी वुलस्टनक्राफ्टबद्दल. कारण या बाईला जिवंतपणी एका घरात कधी स्वस्थता मिळाली नाही, आणि मेल्यानंतर चोपन्न वर्षांनी तिला तिच्या थडग्यातूनही उठवून दुसऱ्या गावी नेलं. तिच्या नावाचा दगड मात्र मागेच राहिला.

मेरीचा जन्म २७ एप्रिल १७५९चा, लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातला. हा विणकरांचा भाग. आजोबांनी विणकामाच्या धंद्यात चांगला पैसा केला होता. वडिलांना वाटलं, आपण जमीनदार व्हावं. शेती जमली नाही. या गावातून त्या गावात बिऱ्हाड हलत राहिलं, पैसा संपत गेला आणि दारू वाढत गेली. दारू प्यायले की वडील आईवर हात उगारायचे. ही पोर रात्री आईच्या खोलीच्या दाराबाहेर झोपायची, वडील आत जायला लागले तर आपण मध्ये असावं म्हणून! आमच्या समुपदेशन केंद्रात बसले की अशा मुली मला अजूनही भेटतात. आठ-दहा वर्षांची मुलगी आईचा हात घट्ट धरून बसलेली असते. आपण प्रश्न आईला विचारतो आणि उत्तर मुलगी देते.

सात भावंडांत मेरी दुसरी. आईचा जीव थोरल्या मुलावर. आजोबांच्या मृत्युपत्रात त्याच थोरल्या नातवाला मोठा वाटा, मेरीच्या वाट्याला काही नाही. शाळाही त्यालाच नीट मिळाली. मेरीने शेजारपाजारच्या पुस्तकांवर आणि मैत्रिणींच्या घरी जे मिळालं त्यावर भागवलं. एकोणिसाव्या वर्षी ती बाथ शहरात एका श्रीमंत विधवेची सोबतीण म्हणून नोकरीला लागली. आई आजारी पडल्यावर परत बोलावणं आलं ते मुलीलाच, हेही आपल्या ओळखीचंच. १७८२ मध्ये आई गेली.

त्यानंतरची एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मेरीच्या धाकट्या बहिणीचं, एलायझाचं लग्न झालं, मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. आज आपण त्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो, डॉक्टरकडे नेतो. (नेतो ना?) तेव्हा ती नवऱ्याच्या घरी भेदरून बसलेली असायची. १७८४ च्या जानेवारीत मेरीने तिला गुपचूप बाहेर काढलं. बहीण सुटली, पण मूल मागे राहिलं, कारण तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात मूल बापाचं. ते बाळ वर्षाचं होण्याआधीच गेलं. मेरीने बरोबर केलं की चूक, मला सांगता येत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा जे सुचतं ते तो करतो. पण ते बाळ तिच्या मनातून कधी गेलं असेल असं मला वाटत नाही.

मग बहिणी आणि जिवलग मैत्रीण फॅनी ब्लड यांना घेऊन तिने लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीनला मुलींची शाळा काढली. फॅनीला क्षय होता. ती लग्न करून पोर्तुगालला गेली, दिवस राहिले. मेरी शाळा सोडून, जहाजाचा प्रवास करून लिस्बनला पोचली ती नेमकी बाळंतपणाच्या वेळी. फॅनी तिच्या डोळ्यांदेखत गेली. परत आली तर शाळा मोडकळीला आलेली. कर्ज झालेलं. तेव्हा तिने पहिलं पुस्तक लिहिलं, मुलींच्या शिक्षणावर. त्याचे जे थोडेफार पैसे आले तेही फॅनीच्या म्हाताऱ्या आईवडिलांना देऊन टाकले.

पुढे आयर्लंडमध्ये एका उमरावाच्या घरी मुलींची शिक्षिका म्हणून वर्षभर राहिली. मुलींना तिचा इतका लळा लागला की मालकिणीला ते खुपायला लागलं आणि नोकरी गेली! त्यातल्या थोरल्या मुलीने, मार्गारेटने, पुढे आयुष्यात स्वतःला मिसेस मेसन हे नाव घेतलं. ते नाव मेरीने मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींतल्या शिक्षिकेचं. एका वर्षाच्या शिकवणीने एवढं केलं.

तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पोरी लग्न करून मोकळ्या होत तेव्हाच्या काळात, ही बाई अठ्ठाविसाव्या वर्षी लंडनला परत आली ती लेखणीवर पोट भरायचं ठरवून. जोसेफ जॉन्सन नावाचे प्रकाशक होते, त्यांनी तिला भाषांतरं दिली, पुस्तकांची परीक्षणं लिहायला दिली. त्यांचं दुकान कुठे होतं म्हणाल, तर सेंट पॉल्स चर्चयार्डमध्ये. म्हणजे चर्चचं आवारच! त्या मोठ्या चर्चभोवतीच्या गल्लीत पुस्तकवाल्यांची रांग होती. मेरीचं आयुष्य असं चर्चच्या आवारांपाशी सारखं येऊन थांबतं.

१७९२ मध्ये तिने जे पुस्तक लिहिलं त्यामुळे आज तिचं नाव जगाला माहीत आहे. 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन', म्हणजे स्त्रीच्या हक्कांची बाजू मांडणारं पुस्तक. दीडेक महिन्यात लिहून झालं म्हणतात. त्यातलं म्हणणं आज आपल्याला अगदी साधं वाटेल. बाईची बुद्धी जन्मतः कमी नसते, तिला शिकवलं जात नाही म्हणून ती तशी दिसते. दिसायला छान राहा आणि नवऱ्याला खूश ठेव एवढंच मुलीला शिकवलं, तर ती मुलांना काय घडवणार? मुलगे आणि मुली यांनी एकाच शाळेत शिकावं, गरीब-श्रीमंत सगळ्यांनी. बाईने वैद्यकी करावी, धंदा करावा, स्वतःचं पोट स्वतः भरावं. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली हे लिहून. मागच्याच महिन्यात मी एका घरी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी समजूत घालायला गेले होते, तेव्हा हेच सगळं जवळपास याच क्रमाने बोलत होते.

आता पुढचा भाग सांगताना मी थोडी अडखळतेय. आमच्या महिला मंडळात हा विषय मांडला, तेव्हा इथपर्यंत सगळ्या माना डोलवत होत्या. पुढे शांतता झाली.

फ्रान्समध्ये राज्यक्रांती चालू होती. मेरी १७९२ च्या डिसेंबरात एकटी पॅरिसला गेली. तिथे गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन माणसावर तिचा जीव जडला. लग्न केलं नाही, पण इंग्रज म्हणून तुरुंगात जायची पाळी येऊ नये यासाठी तिची नोंद त्याची बायको म्हणून झाली. १७९४ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं फॅनी, मेलेल्या मैत्रिणीचं. इम्ले हळूहळू लांब होत गेला. व्यापाराचं निमित्त, मग दुसरी बाई. मेरीने १७९५ मध्ये एकाच वर्षात दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा थेम्स नदीत उडी घेतली, तिथून तिला लोकांनी बाहेर काढलं. या दोन्हींच्या मधल्या उन्हाळ्यात काय केलं असेल या बाईने? वर्षाच्या मुलीला आणि एका मोलकरणीला घेऊन स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क फिरली, त्याच इम्लेच्या व्यापाराचं बुडालेलं काम निस्तरायला. आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं.

मंडळात एक ताई म्हणाल्या, एवढं शहाणपण पुस्तकात लिहिणारी बाई अशा माणसामागे कशी गेली? मी काही बोलले नाही. दर आठवड्याला केंद्रात मी शिकलेल्या, कमावत्या बायका बघते. शहाणपण आणि जीव लावणं ही दोन वेगळी खाती आहेत बहुतेक.

मग विल्यम गॉडविन भेटले. तेही लेखक. आधी एकदा एका जेवणाच्या वेळी दोघांचं मुळीच पटलं नव्हतं. १७९६ मध्ये पुन्हा भेट झाली आणि या वेळी सूर जुळले. गॉडविन लग्नसंस्थेच्या विरोधात लिहिणारे, मेरीही त्यातलीच. पण मूल होणार हे कळल्यावर दोघांनी २९ मार्च १७९७ ला सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चमध्ये साधेपणाने लग्न केलं. घर एक, पण गॉडविननी लिहायला जवळच वेगळी खोली घेतली. दिवसभर एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचे. मेरीच्या आयुष्यातले हे थोडे महिने सुखाचे.

३० ऑगस्टला कळा सुरू झाल्या. मेरीने सुईण बोलावली होती. बाळंतपण हे बायकांनी बायकांचं करायचं काम, असं तिचं मत. रात्री अकराच्या पुढे मुलगी झाली. पण वार पडली नाही. मग डॉक्टर आले. त्यांनी हात घालून तुकड्यातुकड्याने वार काढली. भूल नाही, हात निर्जंतुक करायची पद्धत नाही. तीन-चार दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. अंगावरचं दूध बाळाला द्यायचं नाही असं ठरलं, म्हणून दूध काढायला कुत्र्याची पिल्लं लावली. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १० सप्टेंबरच्या सकाळी मेरी गेली. वय अडतीस. जन्मापासून दिवस मोजले तर तो बारावा. आपल्याकडे बारशाचा.

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरांनी त्याआधी दोनच वर्षं, १७९५ मध्ये, लिहून ठेवलं होतं की हा ताप सुइणी आणि डॉक्टर स्वतःच एकीकडून दुसरीकडे नेतात. फार कुणी ऐकलं नाही. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनी हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले, तेही १८४७ मध्ये. त्यांचंही लगेच कुठे ऐकलं! हात धुणं. एवढीच गोष्ट होती.

साडेपाच महिन्यांपूर्वी ज्या चर्चमध्ये लग्न झालं, त्याच चर्चच्या आवारात १५ सप्टेंबरला तिला पुरलं. गॉडविन दुःखाने इतके खचले होते की ते अंत्यविधीला गेलेच नाहीत. नंतर त्यांनी चौकोनी खांबासारखा दगड उभारला. त्यावर तिचं नाव, ती कुठल्या पुस्तकाची लेखिका ते, आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. हाच तो दगड, ज्यावर मुलीने अक्षरं गिरवली.

गॉडविननी आणखी एक केलं. बायकोचं चरित्र लिहिलं, १७९८ मध्ये. प्रेमापोटी सगळं खरं लिहिलं. इम्ले, लग्नाआधीची मुलगी, जीव द्यायचे प्रयत्न, सगळं. झालं! लोकांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बाईचं चारित्र्य उचललं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं चांगल्या घरात तिचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. नवऱ्याने खोटं लिहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण जरा थांबला असता तर?

दोन्ही मुली सावत्र आईच्या हाताखाली वाढल्या. १८०१ मध्ये गॉडविननी मेरी जेन क्लेअरमॉंट यांच्याशी लग्न केलं. त्यांचीही आधीची दोन मुलं होती. घरात पाच मुलं, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचे आईबाप एक नाहीत! धाकट्या मेरीचं या आईशी कधीच जमलं नाही. ती पुस्तकं घेऊन आईच्या थडग्यापाशी जाऊन बसायची. तिथेच ती कवी शेलीला भेटायची आणि १८१४ मध्ये, सोळा वर्षांची असताना, त्याच्याबरोबर पळून गेली. शेलीचं आधीच लग्न झालेलं होतं. तो सगळा वेगळाच इतिहास आहे, इथे मावणार नाही.

थोरली फॅनी मात्र घरीच राहिली. कुणाचीच नसल्यासारखी. १८१६ च्या ऑक्टोबरात ती वेल्समधल्या स्वान्सी गावी एकटीच एका खानावळीत उतरली आणि तिने स्वतःला संपवलं. बावीस वर्षांची होती. चिठ्ठीवरचं नाव फाडून टाकलेलं होतं. बदनामी नको म्हणून घरच्यांनीही ओळख सांगितली नाही.

गॉडविन १८३६ मध्ये गेले आणि पहिल्या बायकोशेजारी पुरले गेले. १८४१ मध्ये दुसरी बायकोही तिथेच. १ फेब्रुवारी १८५१ ला मेरी शेली गेली. आपल्याला आईवडिलांजवळ ठेवा, अशी तिची इच्छा होती. पण तोवर सेंट पँक्रसचं आवार पार रया गेलेलं. लंडन वाढत होतं, माणसं मरत होती, आणि जुन्या चर्चभोवतीची जागा होती तेवढीच. पेट्यांवर पेट्या. मेरी शेलीचा मुलगा पर्सी आणि सून जेन यांना तिथे तिला ठेववेना. त्यांनी बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावाजवळ घर घेतलं होतं. सुनेने उलटा विचार केला. सासूला आईवडिलांकडे नेता येत नाही, तर आईवडिलांना सासूकडे आणू या.

आणि तिने ते केलं. सेंट पँक्रसची माती उकरून वुलस्टनक्राफ्ट आणि गॉडविन यांच्या पेट्या काढल्या आणि बोर्नमथच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आणल्या. तिथले धर्मगुरू म्हणे तयार नव्हते. असल्या विचारांची माणसं आपल्या आवारात कशी घ्यायची? तेव्हा जेनबाई पेट्या घेऊन फाटकाबाहेर बसून राहिल्या आणि शेवटी रात्री, गाजावाजा न करता, दफन झालं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत थोडं तिखटमीठ असेल, पण अशी सून मला आवडते.

गॉडविनची दुसरी बायको मात्र सेंट पँक्रसलाच राहिली. तिला कुणी उचललं नाही. चौतीस वर्षं संसार तिने केला, मुलांच्या पुस्तकांचा धंदा तिने सांभाळला, पाच पोरांना जेवू घातलं तिने. पण मेरी शेलीला ती आवडत नव्हती ना. सावत्र आईचा हिशोब असाच होतो.

रेल्वेमुळे मेरीला हलवलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तारखा बघितल्या तर ते बसत नाही. तिला नेलं १८५१ ला, आणि रेल्वे आली पंधरा वर्षांनी. पण रेल्वेचं सांगायलाच हवं. मिडलँड रेल्वेचा मार्ग थेट या आवारातून आखला होता. हजारो पेट्या काढाव्या लागल्या. आधी हाडं वाट्टेल तशी टाकल्याची ओरड झाली, म्हणून बिशपनी आर्थर ब्लूमफील्ड या वास्तुविशारदावर देखरेख सोपवली. त्यांनी आपल्या हाताखालच्या सव्वीस वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी तिथे उभं केलं. हा मुलगा म्हणजे पुढे मोठा कादंबरीकार झालेला टॉमस हार्डी. उंच आडोशामागे, दिव्यांच्या उजेडात, रात्री काम चालायचं. एक पेटी फुटली तेव्हा त्यातून सांगाडा एक आणि कवट्या दोन निघाल्या. हे हार्डी म्हातारपणीही विसरले नव्हते.

काढलेले दगड एका झाडाभोवती दाटीवाटीने उभे केलेले होते. हार्डीचं झाड म्हणून ते प्रसिद्ध झालं. २०२२ च्या डिसेंबरात ते झाड कोसळलं. पुढे बाग झाली, आणि ज्यांची थडगी विस्कटली त्यांच्यासाठी अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर बाईंनी तिथे मोठा स्मृतिस्तंभ उभारला. २००३ च्या सुमाराला नव्या रेल्वेसाठी पुन्हा खणलं, तेव्हा एका फ्रेंच आर्चबिशपचे अवशेष सापडले, चिनी मातीच्या कवळीसकट! ते २००७ मध्ये फ्रान्सला, त्यांच्या नार्बोन गावी पाठवले. त्याच वर्षापासून सेंट पँक्रस स्टेशनातून थेट पॅरिसची गाडी सुटू लागली. मेरीला हे आवडलं असतं.

आपल्या आनंदीबाई जोशींची रक्षा अमेरिकेत पकिप्सीला, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. कोण कुठे विसावेल, ते आपल्या हातात नसतं.

मेरीचा चौकोनी दगड अजून सेंट पँक्रसच्या त्या बागेत उभा आहे. खाली ती नाही. तरी लोक तिथेच फुलं ठेवतात. बोर्नमथला ती मुलीजवळ आहे. ज्या मुलीला तिने जेमतेम अकरा दिवस पाहिलं, तिच्याजवळ. फॅनीचं थडगं मात्र कुणी हलवलं नाही. ते कुठे आहे हेच कुणाला माहीत नाही.

हे सगळं वाचत असताना मला आमच्या आजीचा दगड आठवत राहिला. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळासकट गेली. आजीने शेताच्या बांधावर, बाभळीखाली, तिच्या नावाने एक दगड ठेवला होता. पुढे धरण आलं आणि गाव पाण्याखाली गेलं. गावचा देव वाजतगाजत नव्या गावठाणात आला. आजीने तो दगड घरच्या भांड्यांबरोबर बैलगाडीत ठेवला, असं वडील सांगतात. आजोबा रागावले होते, गाडीत आधीच वजन झालंय म्हणून. आजी काही बोलली नाही, दगडावर गोधडी टाकून त्यावरच बसली.

तो दगड अजून नव्या घराच्या परसात, नळाजवळ आहे. त्यावर काही कोरलेलं नाही. परवा माझ्या मुलीने विचारलं, आत्याआजीचं नाव काय होतं? मला सांगता येईना. घरात सगळे तिला ताईच म्हणायचे. वडील आता एकोणऐंशीचे आहेत. या रविवारी गावी जाणार आहे, तेव्हा विचारून घेते.